हगामा ते गादी: बीडच्या कुस्तीशौकिनांची गोष्ट

आमच्या आष्टी-पाटोदा भागात कुस्त्यांच्या मैदानाला हगामा म्हणतात. गुढीपाडव्याला सावरगावच्या मच्छिंद्रनाथाची, म्हणजे मायंबाची यात्रा होते. त्याच सुमारास गावोगावच्या जत्रा लागतात आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत कुठे ना कुठे हगामा भरलेलाच असतो. हा मोसम देवांच्या तिथींनी ठरवला, असं गावात सांगतात. मला त्यात उसाचाही हात दिसतो. दसरा-दिवाळीला आमच्याकडचे कोयते, म्हणजे मजुरांच्या जोड्या, ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ते कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परततात. चैत्रात गावात माणूस असतो, रान रिकामं असतं आणि मुकादमाची आगाऊ उचल फेडून चार पैसे उरले असतील तर तेही याच दिवसांत हाताशी असतात. हगाम्याला लागणाऱ्या या तिन्ही गोष्टी वर्षातून एकदाच जुळतात.

मी शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त झालो. लंगोट कधी बांधला नाही. पण शौकीन पक्का. हगामे पाहिले, तशा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धाही पाहिल्या. हगाम्यातला पैलवान आणि कॉलेजच्या गादीवरचा पैलवान हा पुष्कळदा एकच पोरगा असतो. हगाम्यात त्याच्याभोवती सगळी पंचक्रोशी बसलेली असते. गादीवर त्याची कुस्ती त्याचे वस्ताद, दोन-चार वर्गमित्र आणि पुढच्या जोडीचे पैलवान पाहतात. पोरगा तोच, ताकद तीच, मग माणसं कुठे जातात? या प्रश्नाचं उत्तर मला आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात सापडतं.

आधी हगाम्यातला प्रेक्षक काय करतो ते सांगितलं पाहिजे, कारण तो नुसता पाहत नाही. जत्रेच्या आधी पंच कमिटी घरोघर फिरून वर्गणी करते. नदीकाठचं किंवा देवळामागचं रान नांगरून, ढेकळं फोडून, पाणी मारून मऊ करतात. दुपार कलली की हलगी वाजते आणि माणसं कडं करून बसतात. सुरुवात रेवड्यांच्या आणि नारळाच्या कुस्त्यांनी होते. चड्डीतली पोरं एकमेकांना आडवी पाडतात आणि मूठभर रेवड्या घेऊन पळतात. मग मोठे पैलवान उघड्या अंगानं कड्याच्या आतून फेरी मारतात. त्यांची जोड लावायची ती पंचांनी, नजरेच्या अंदाजानं. इथे प्रेक्षक बोलायला लागतो. ‘जोड बसत नाही’, ‘तो अंगानं भारी आहे’, ‘याला पुढच्या कुस्तीला ठेवा’ असे आवाज येतात आणि पंचांना ते ऐकावे लागतात. इनामाचा आकडा पुकारला की कड्यातून कुणी तरी उठून त्यात भर घालतो. कुस्ती नुसतीच रेंगाळली तर लोकच ‘सोडवा’ म्हणून ओरडतात. दोघांनी आतून ठरवून केलेली नुरा कुस्ती असेल, तर जुन्या माणसाला ती पहिल्या पकडीतच कळते आणि मग मैदानात पैलवानाची धडगत नसते. निकाल एकच, चितपट. पाठ मातीला लागली का, हे मैदानातल्या प्रत्येकाला दिसतं. जिंकलेला पोरगा कड्याभोवती फिरतो आणि माणसं त्याच्या हातात दहाची, पन्नासाची नोट ठेवतात. शेवटची मानाची कुस्ती झाली की फेटा बांधतात.

म्हणजे हगाम्यात पैसा प्रेक्षकाचा, जोड प्रेक्षकाच्या संमतीची आणि निकालही त्याच्या डोळ्यांसमोरचा. हा अधिकार त्याच्याकडे कसा आला, यासाठी थोडं मागे जावं लागतं.

बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच काळात कोल्हापुरात काय चाललं होतं ते पाहिलं की फरक लक्षात येतो. शाहू महाराजांनी तिथे पैलवानांना राजाश्रय दिला, तालमी उभ्या केल्या आणि खासबागचं मैदान बांधलं. १९१२ साली ते खुलं झालं. आमच्याकडे असा राजा नव्हता. निजामाची राजधानी दूर होती आणि तिची भाषा वेगळी होती. इथली कुस्ती देशमुखांच्या, जहागीरदारांच्या आणि पाटलांच्या हौसेवर चालली, आणि ती हौस कमी पडली तिथे गावच्या वर्गणीवर. हगाम्यात प्रेक्षक धनी झाला तो असा. वर राजा नसल्यानं खर्च खालच्यांनीच उचलला.

या कुस्तीत सगळे होते. निजामाच्या फौजेत अरबस्तानातल्या हद्रमौतहून आलेले शिपाई असत. त्यांचे वंशज मराठवाड्यात चाऊस म्हणून ओळखले जातात. फौज गेली, माणसं इथलीच झाली आणि तालमीत घुमू लागली. २००५ साली इंदापूरला बीडच्या सईद चाऊसनं महाराष्ट्र केसरीचा किताब मिळवला, तेव्हा अनेकांनी तो निव्वळ एका पैलवानाचा विजय म्हणून पाहिला. मला त्यामागे संस्थानी काळाचा हा लांबलचक रस्ता दिसला.

दुसरी धार राजकारणाची होती. संस्थानात आर्य समाजाच्या सुरुवातीच्या शाखा निघाल्या त्यात आमच्या जिल्ह्यातलं धारूर आहे. आर्य समाजाच्या पाठोपाठ आखाडे आले आणि सरकार सावध झालं. ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमानं जाहीर सभांवर बंधनं घातली होतीच, आखाडा काढायलाही परवानगी लागू लागली. आर्य समाजाच्या १९३८-३९ च्या सत्याग्रहात ज्या तक्रारी मांडल्या गेल्या, त्यांत आखाड्यांवरची बंधनंही होती. पोरांनी जोर-बैठका काढणं हा सरकारच्या काळजीचा विषय होता, एवढं या तक्रारीवरून कळतं. अशा राज्यात जत्रेतला हगामा मात्र चालू राहिला, कारण तो देवाच्या नावानं भरत असे आणि त्याला कुणी सभा म्हणू शकत नव्हतं.

आता कॉलेजचं पाहू. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं, उर्दू माध्यमाचं, हैदराबादेत. बीडच्या शेतकऱ्याच्या पोराला ते परवडण्यासारखं नव्हतं. डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला १९५० साली कॉलेज काढलं, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालं. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला स्थापन झालं. बीड शहरात बलभीम महाविद्यालय १९६० चं. म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्मलं त्याच सुमारास आमच्या पोरांना कॉलेजचं दार उघडलं. विद्यापीठ आलं तशा त्याच्या स्पर्धा आल्या. आधी कॉलेजांमध्ये, मग निवडलेला संघ देशभरच्या विद्यापीठांशी. हगाम्यात जन्मलेल्या पैलवानाला पहिल्यांदाच जत्रेपलीकडचा रस्ता मिळाला.

कोल्हापूरला तो रस्ता आधीच होता. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. अंगानं किरकोळ म्हणून कॉलेजच्या स्पर्धेत त्यांना घ्यायला तयार नव्हते. प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकरांनी त्यांना उतरू दिलं. १९४८ साली लंडनला ते सहावे आले, त्या वारीचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. १९५२ च्या हेलसिंकीसाठी गावोगाव वर्गणी झाली आणि खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट आपण प्राचार्यांच्या त्यागाची म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. मला तिच्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या एका वारीत कॉलेज आणि गाव दोघांनी पैसा घातला होता, म्हणून ते पदक दोघांचंही झालं. हा योग पुढे फार थोड्या वेळा आला.

राज्य झाल्यावर कुस्तीगीर परिषदेनं महाराष्ट्र केसरी सुरू केली, आणि पहिली स्पर्धा १९६१ साली भरली ती मराठवाड्यात, औरंगाबादला. दिनकर दह्यारी पहिले विजेते. १९८२ ला ही स्पर्धा बीडला आली. कोल्हापूरकडचे संभाजी पाटील जिंकले. मी तेव्हा बीडला कॉलेजात होतो. त्याच साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सतपालनं सोनं मिळवलं, त्यामुळे कॉलेजच्या कट्ट्यावर वर्षभर कुस्तीशिवाय दुसरा विषय नव्हता. गावाकडची जी माणसं हगाम्यासाठी बैलगाडी जुंपत, ती एसटीनं शहरात आली. गावातल्या माणसाला वजनगट आणि गुण म्हणजे काय, हे त्या वर्षी पहिल्यांदा जवळून दिसलं. ‘पाठ लागली नाही तर जिंकला कसा?’ हा प्रश्न मी तेव्हापासून ऐकतो आहे.

प्रश्न रास्त आहे. गादीवरची कुस्ती सहा मिनिटांची, तीन-तीन मिनिटांचे दोन डाव. पट काढून खाली बसवलं तर दोन गुण. भारंदाज मारून पाठ गादीकडे वळवली की पुन्हा दोन. वर्तुळाबाहेर रेटलं तर एक. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. हगाम्यात मैदानाच्या कडेला गेलेली जोड पंच पुन्हा मधे आणून लावतात, तिथे बाहेर रेटण्याला कुणी विचारत नाही, उलट हसतात. गादीवर त्याच रेट्यानं सामना जातो. खडाखडीत मिनिटं घालवणाऱ्याला हगाम्यात अनुभवी म्हणतात, गादीवर पंच त्याला निष्क्रियतेचा इशारा देतो. म्हणजे डोळे तेच ठेवून चालत नाही, काय मोलाचं आहे याचा हिशेब बदलावा लागतो. विद्यापीठाच्या स्पर्धेत मी कोपऱ्यातल्या वस्तादांशेजारी बसतो, त्याचं कारण हेच. घड्याळात चाळीस सेकंद उरलेली असताना पोराला ‘पकड सोड, मधे ये’ असं ते का ओरडतात, हे तिथे कळतं.

हे न कळणं फक्त आमच्या गावाचं नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळानं कुस्तीला २०२० पासून ऑलिंपिकच्या मुख्य खेळांतून वगळायची शिफारस केली. तोवर दोन-दोन मिनिटांचे वेगळे डाव असत आणि तीनपैकी दोन जिंकणारा विजयी ठरे. एकूण गुण जास्त घेऊनही पैलवान हरू शकत होता. प्रेक्षकाला कोण पुढे आहे हेच समजत नव्हतं. मग काही महिन्यांत नियम बदलले, दोन डावांचे गुण एकत्र मोजायचे ठरले आणि सप्टेंबरमध्ये कुस्ती परत आली. जगातल्या सगळ्यात जुन्या खेळांपैकी एक बाहेर जाता जाता राहिला. बघणाऱ्याला खेळ समजला पाहिजे, ही हगाम्यातली साधी अट अखेर तिथेही मान्य करावी लागली.

आमच्या जिल्ह्याचा पैलवान राहुल आवारे हा या दोन जगांमधला सांधा आहे. पाटोद्याचा पोरगा, वडील बाळासाहेब पैलवान, पहिली तालीम घरचीच. कोरडवाहू भागात पैलवान पोसणं म्हणजे दूध, तूप, बदाम यांचा खुराक दुष्काळातही चालू ठेवणं. म्हणून आमची पोरं बाहेर जातात, साधारण ऊसतोडीच्याच दिशेनं. राहुल पुण्याला रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांकडे गेला. बिराजदारही मराठवाड्याचेच, लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. २०११ मध्ये बिराजदार गेले, पुढे काका पवारांच्या तालमीत तो घडला. २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाच्या अंतिम फेरीत त्यानं कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असं हरवलं. पुढच्या वर्षी नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्यपदक घेतलं. त्या लढतीत समोर अमेरिकेचा टायलर ग्राफ होता आणि गुण होते ११-४.

ग्राफचं नाव मी मुद्दाम काढतो. तो विस्कॉन्सिन विद्यापीठाचा पैलवान, २०१४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलेला. ती स्पर्धा १९२८ मध्ये आयोवातल्या एम्स इथे सुरू झाली. आयोवा म्हणजे मक्याचं राज्य, शेतकऱ्यांचं. तिथल्या विद्यापीठाच्या सभागृहात कुस्ती पाहायला हजारोंनी माणसं येतात. डॅन गेबलनं १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये एकही गुण न देता सुवर्ण जिंकलं, मग आयोवा विद्यापीठाचा प्रशिक्षक होऊन १५ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. तिथल्या शेतकऱ्याला आपल्या भागातलं कॉलेज आपलं वाटतं. संघ कुणाचा, पोरगा कुठल्या गावचा, मागच्या साली कुणाकडून हरला, हे तो आपल्याकडच्या शौकिनासारखंच तोंडपाठ सांगतो. म्हणजे शेतीवाडीतला माणूस गादीवरची कुस्ती बघत नाही, हे काही खरं नाही. ग्राफ तसल्या गर्दीतून आला आणि राहुल हगाम्याच्या गर्दीतून. दोघंही त्या गादीपर्यंत पोचले, ते दोघांच्याही मागे माणसं होती म्हणून.

आमच्या कॉलेजच्या स्पर्धेमागे ती का नाहीत? एक तर त्या भरतात हिवाळ्यात, गाव उसाच्या फडात असतं तेव्हा. दुसरं, तिथे गावानं काही घातलेलं नसतं. खर्च विद्यापीठाचा, जोड वजनकाट्यानं लावलेली, निकाल पंचाच्या शिट्टीचा. शौकिनाला करायला काही उरत नाही. आणि तिसरं कारण पैलवानाच्या बाजूनं आहे. हगामा रोख देतो, कॉलेज प्रमाणपत्र देतं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आल्यावर त्या कागदाला वजन आलं. पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा गादीवर उतरतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे तो कागद असतो, बघणारे नसतात. यात त्याला बोल लावता येत नाही. जिथे शेतीला पाणी नाही तिथे नोकरी हेच सिंचन. पण स्पर्धा कागदासाठी उरली की तिला बघायला कोण जाणार?

तरी शौकिनानं तिकडे जावं असं मी म्हणतो, त्याला भक्कम कारण आहे. हगाम्यात जे कधी दिसलं नाही ते तिथे दिसतं. मुलींच्या कुस्त्या तिथे नियमानं होतात. आमच्या लहानपणी बाया हगामा माळवदावरून, पदराआडून पाहत. आता त्यांच्याच नाती लाल-निळ्या पोशाखात गादीवर एकेरी पट काढतात. साक्षी मलिकनं २०१६ ला ऑलिंपिक पदक घेतलं, २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली. ही वाट गावच्या मातीतून कमी आणि शाळा-कॉलेजच्या गादीवरून जास्त गेली आहे. दुसरं म्हणजे हलक्या वजनाचा पैलवान. हगाम्यात पन्नास-पंचावन्न किलोच्या पोराची कुस्ती नारळानंतर लगेच उरकतात, मान भारी पैलवानाला. आमच्या दुष्काळी भागात पोरं त्याच वजनाची घडतात. राहुलचं वजन पाहा, खाशाबांचं पाहा. आपल्या मातीचा खरा पैलवान हगाम्याला लवकर ओळखता आला नाही, गादीनं त्याला बरोबर हेरलं.

मी आमच्या यात्रा कमिटीपुढे हे सगळं मांडलं. म्हटलं, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गादी टाकू. तालुक्यातल्या कॉलेजांची पोरं-पोरी बोलावू, माणसं गावात असतात तेव्हाच. गुणांना इनाम लावू: भारंदाजाला इतके, चार गुणांच्या डावाला इतके. माइकवर एक जाणता बसवू, प्रत्येक गुण कशाचा ते सांगायला. जुनं खोड असलेल्या एका पंचांनी विचारलं, “गुरुजी, जोड वजनकाटा लावणार, निकाल शिट्टी देणार, मग आम्ही काय करायचं?” मी म्हणालो, “इनाम वाढवायचं, आणि नुरा कुस्ती दिसली की ओरडायचं. ते काम अजून कुठल्या यंत्राला जमत नाही.” मुलींच्या कुस्त्यांवरून बराच वेळ वाद झाला. शेवटी ज्यांची नात कॉलेजात खेळते ते आजोबा उठले आणि वाद मिटला. यंदाच्या वर्गणीच्या वहीत गादीच्या भाड्याचं वेगळं पान केलं आहे. पहिला आकडा त्या आजोबांचा आहे आणि दुसरा माझा.